औषध आणि जुगार
कंपवात म्हणजे पार्किन्सनचा रोग ज्यास जडतो, त्याच्या मेंदूत डोपामीन उणे पडते. त्याचे कार्य करणाऱ्या प्रामिपेक्सोलसारख्या औषधांनी थरथर कमी होते. परंतु २००५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी असे ११ रोगी नोंदविले, ज्यांस अशी औषधे घेताना जुगाराचा अनावर नाद लागला. औषध बंद केल्यावर कित्येकांचा तो सुटला. बंधुजनहो, मग पाप कोणाचे? मंडळीतील अशा वृद्ध बंधूस पंचांपुढे उभे करण्याआधी त्याची औषधांची चिठ्ठी पाहावी, असे आम्हांस वाटते. बुडालेला पैका व बायकोची आसवे खरीच आहेत. परंतु ज्या इच्छेवर त्याची सत्ता उरली नव्हती, तीवरून त्यास जुगारी म्हणणे आम्हांस शोभत नाही. औषध मात्र त्याने आपल्या मनाने एकाएकी सोडू नये. उपदेशकाने त्याजबरोबर डॉक्टरांकडे जावे. लाजेमुळे तो एकटा ही गोष्ट सांगणार नाही.