ताप आणि टाळी

नाटकवाल्याला आजारी पडायची परवानगी नसते. एरवी त्यानं खुशाल पडावं. पण एकदा तिकिटं खपली की पडण्याचा हक्क फक्त पडद्याला.

हौशी रंगभूमीवर मी वीस वर्षं वावरलो. (‘गाजलो’ असं लिहिणार होतो, पण साक्षीदार अजून हयात आहेत.) एकदा ऐन स्पर्धेच्या दिवशी मला 103 ताप भरला. नाटकात मी म्हातारा बाप, आणि मला घराबाहेर काढणारा मुलगा म्हणजे आमचा खलनायक. एरवी हा गृहस्थ माझ्या वाक्यावर वाक्य चढवून माझ्या टाळ्या खायचा. त्या रात्री मात्र तो माझीच वाक्यं प्रश्न करून मला विचारू लागला. “म्हणजे बाबा, हे घर तुम्ही रक्ताचं पाणी करून बांधलंत, असंच ना तुमचं म्हणणं?” मी नुसती मान हलवायची! शेवटी त्यानं मला दंडाला धरून फरफटत नेलं, तेव्हा बायका हळहळल्या. खरं तर त्यानं मला उभं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी ‘संयत अभिनया’बद्दल माझं कौतुक झालं.

आता प्रश्न असा, की ही माया माझ्यावर होती की नाटकावर?

फ्रान्सच्या मोलिएरचं बघा. 17 फेब्रुवारी 1673. स्वतःला उगाच आजारी समजणाऱ्या माणसाची भूमिका, स्वतःच लिहिलेली, चौथा प्रयोग. आणि हा खरोखरच आजारी. बायकोनं आणि बारों नावाच्या तरुण नटानं विनवलं, आज राहू द्या. चरित्रकार सांगतो, तो म्हणाला की रोजंदारीवरच्या पन्नास गरिबांनी मग खायचं काय? प्रयोगात झटका आला, तो त्यानं हसण्यात लपवला. त्याच रात्री तो गेला. पन्नासांची काळजी त्यानं केली ही दया खरी. पण ‘राहू द्या’ म्हणणाऱ्या दोघांची दया मला जास्त अवघड वाटते. कारण तिला टाळी नाही.

माझ्या खलनायकाचा हिशेबही मला प्रयोगानंतरच कळला. स्पर्धा संपली, नंबर गेला, माझा काडीचा उपयोग उरला नाही. तरी हा पठ्ठ्या अकरा दिवस पेजेचा डबा घेऊन येत होता. नाटकाचं अवाक्षर नाही. “ताप किती?” एवढंच.

दोन वर्षांनी त्याला कावीळ झाली. मी धावत गेलो. दार वहिनींनी उघडलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “म्हणजे शनिवारच्या प्रयोगाचं काय?”

वहिनी क्षणभर बघत राहिल्या. म्हणाल्या, “भावजी, आत तरी या.”

आत गेलो. हळदीसारखे पिवळे डोळे. मला बघून तोच म्हणाला, “लेका, शनिवारची पंचाईत केली रे मी!”

“शनिवार गेला खड्ड्यात!” मी ओरडलो. “तू जेवलास का?”

हे वाक्य दारातच म्हणायला हवं होतं. पण एन्ट्री चुकायची माझी सवय जुनीच.