आधी आलेला आणि जास्त आणलेला

बँकेत कारकुनी करणाऱ्याला तत्त्वज्ञान परवडत नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. परवडत नाही तो पुण्यातला ब्लॉक. तत्त्वज्ञान फुकट मिळते, आणि वर त्यावर चक्रवाढ व्याजही!

आता हेच पाहा. दरसाल ८ टक्के चक्रवाढीने पैसे ९ वर्षांत दुप्पट होतात. ७२ला दराने भागले की दुपटीची वर्षे निघतात. हा हिशेब लुका पाचोली या इटालियन गृहस्थांनी १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात देऊन ठेवला आहे. समजा, अमुकरावांनी १००० रुपये ठेवले आणि ९ वर्षांनी तमुकरावांनी २००० ठेवले. त्या दिवसापासून दोन्ही खाती जुळ्या भावांसारखी! (एका रुपयाचा फरक पडतो. आम्ही सोडत नाही, तुम्ही सोडा.) एक आधी आला, दुसरा जास्त घेऊन आला, पण पुढच्या शिलकेवरून कोण कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. गणितवाले म्हणतात, चक्रवाढीची रेषा मागेपुढे सरकवा नाहीतर तिला एखाद्या आकड्याने गुणा, एकूण एकच.

सरळ व्याज बिचारे दयाळू. तेवढेच १००० रुपये घेऊन कुणी ९ वर्षे उशिरा आला, तरी वर्षे लोटतील तसा तो आधीच्याच्या बरोबरीला येऊ लागतो. चक्रवाढीत मात्र तो जन्मभर निम्माच. १८ वर्षे उशीर झाला, तर चौथाई.

म्हणून काउंटरवर कुणी 'आम्ही काटकसर केली, ह्या हल्लीच्या पोरांना काय धाड भरलीय?' असे म्हणाले, की मी नुसती मान हलवतो. पासबुकात शिल्लक असते. ती काटकसरीची की आजोबांची, याचा रकाना नसतो. ज्याच्या घरात पहिले खाते त्याच्याच नावाने उघडले, तो आळशी नसतो हो, उशिरा आलेला असतो. आणि उशिरा जन्मणे हा काही गुन्हा नव्हे.

मग काटकसर करूच नये की काय? जरूर करावी. आज ठेवलेला रुपया उद्याच्या नातवाचा आजोबा असतो. फक्त शेजाऱ्याची शिल्लक पाहून त्याची लायकी ठरवू नये. तो हिशेब आमच्या लेजरातही निघत नाही.