दावत देणाऱ्याने आधी ऐकावे




काही महिन्यांपूर्वी असरच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतला एक महाविद्यालयीन तरुण मोठ्या उत्साहाने माझ्याजवळ येऊन बसला. त्याच्या मोबाइलवर एक चित्रफीत होती. तीत एक यहुदी धर्मगुरू एका ख्रिस्ती प्रचारकाच्या एकेका मुद्द्याचे खंडन करीत होता. मसीहा आल्यावर जगात शांतता नांदेल असे प्राचीन प्रेषितांनी सांगितले होते, तर मग ती शांतता कोठे आहे, असा त्याचा सवाल होता. तरुण म्हणाला, "मौलाना, हे मुद्दे आपण पाठच करून ठेवू. वर्गातल्या ख्रिस्ती मुलांना एका दमात गप्प करता येईल."

मी त्याला एवढेच विचारले की, त्या यहुदी धर्मगुरूला ही उत्तरे इतकी जय्यत तयार का ठेवावी लागली असतील? त्याच्याकडे उत्तर नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही, त्यावर आज आपण थोडा विचार करू या.

आपली श्रद्धा स्पष्ट आहे. प्रेषित ईसा (अलै.) हे अल्लाहचे सन्माननीय प्रेषित व मसीहा आहेत, आणि त्यांची माता हजरत मरयम (अलै.) पवित्र आहेत. यहुदी समाज हे प्रेषितत्व मान्य करीत नाही. ख्रिस्ती समाज त्यांना ईश्वरपुत्र मानतो. दोघांशीही आपला मतभेद आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. परंतु मतभेद असणे निराळे आणि तो दुसऱ्यापुढे कसा मांडावा हे निराळे. या दुसऱ्या बाबतीत यहुदी समाजाने जे भोगले, त्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे.

१२६३ साली स्पेनमधील बार्सिलोना येथे अ‍ॅरागॉनचा राजा जेम्स पहिला याच्यासमोर एक वादसभा भरली. ख्रिस्ती बाजूने पाब्लो क्रिस्तियानी उभा होता. तो जन्माने यहुदी होता आणि ख्रिस्ती होऊन डॉमिनिकन संघात दाखल झाला होता. मसीहा येऊन गेला हे यहुद्यांच्या तालमूद ग्रंथातूनच सिद्ध होते, असा त्याचा दावा होता. उत्तर देण्यासाठी गिरोना शहरचे थोर विद्वान मूसा बिन नहमान यांना राजाज्ञेने बोलावण्यात आले. निर्भयपणे बोलण्याची मुभा त्यांनी आधी मागून घेतली आणि मग शांततेचा तोच सवाल केला, जो साडेसातशे वर्षांनंतर आमच्या तरुणाने मोबाइलवर ऐकला. राजा प्रभावित झाला. त्याने त्यांना ३०० नाणी बक्षीस दिली. पण पुढे काय झाले? राजा स्वतः यहुद्यांच्या प्रार्थनागृहात गेला व तेथे ख्रिस्ती प्रवचन झाले. पाब्लोला गावोगावी यहुद्यांना सक्तीने प्रवचने ऐकविण्याचा अधिकार मिळाला. मूसा बिन नहमान यांनी वादाचा वृत्तांत लिहिला म्हणून त्यांच्यावर धर्मनिंदेचा आरोप आला, आणि उतारवयात देश सोडून १२६७ साली त्यांना जेरुसलेमला जावे लागले. ज्या वादात एका पक्षाने उत्तर दिल्यास त्याला घर सोडावे लागते, त्याला संवाद कसे म्हणावे?

रोममध्ये १५५५ साली यहुद्यांना भिंतीआड एका वस्तीत कोंडण्यात आले. १५८४ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी फर्मान काढले की, यहुद्यांनी ठरावीक वेळी हजर राहून ख्रिस्ती प्रवचन ऐकलेच पाहिजे. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. लोक कानांत मेण घालून बसत, अशी आठवण सांगितली जाते. मी दर शुक्रवारी मिंबरवर उभा राहतो. समोरचा माणूस कानांत मेण घालून बसला आहे आणि दारावर पहारा आहे, अशी कल्पना केली की माझी जीभ जड होते.

आणखी एक घटना ऐका. १८५८ सालच्या २३ जूनला इटलीतील बोलोन्या शहरात पोपच्या शासनाचे शिपाई एका यहुदी घराच्या दारात आले. एदगार्दो मोर्तारा नावाचा सहा वर्षांचा मुलगा त्यांना हवा होता. तो तान्हा असताना आजारी पडला, तेव्हा घरातल्या ख्रिस्ती मोलकरणीने आईबापांच्या नकळत त्याला बाप्तिस्मा दिला होता. बाप्तिस्मा झालेले मूल यहुदी घरात वाढू नये असा तेथील कायदा होता. मुलाला नेण्यात आले. आईबापांनी पुष्कळ प्रयत्न केले, युरोप-अमेरिकेत निषेध झाला, तरी पोप पायस नववे यांनी मूल परत केले नाही. तो मुलगा पुढे पाद्री झाला आणि १९४० साली वारला.

काळ बदलला, तशी साधनेही बदलली. १८०९ साली लंडनमध्ये यहुद्यांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली. १९७३ साली अमेरिकेत 'ज्यूज फॉर जीझस' ही संघटना सुरू झाली. येशूला मानूनही तुम्ही यहुदीच राहता, असे ती सांगते आणि यहुदी सण व चिन्हे प्रचारासाठी वापरते. यहुदी समाज याला आमंत्रण मानत नाही, फसवणूक मानतो. त्यांच्या आक्षेपांचा गाभा असा : ईश्वर एकच आहे व तो देह धारण करीत नाही, मसीहाच्या काळाची चिन्हे अजून प्रकटलेली नाहीत, तौरातचा करार कधीही रद्द झालेला नाही. याखेरीज, परधर्मीय सज्जनालाही परलोकात वाटा आहे, असे त्यांचे धर्मपंडित शिकवितात. म्हणून साऱ्या जगाने यहुदी व्हावे असा त्यांचा आग्रह नसतो. आणि या सर्वांमागे एक जखम आहे. नाझी राजवटीत साठ लाख यहुदी मारले गेले. जो समाज मोजकाच उरला, त्याला धर्मांतराची प्रत्येक मोहीम आपले अस्तित्व पुसण्याचा नवा प्रयत्न वाटते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ख्रिस्ती समाजात यावर आत्मपरीक्षण झाले आहे. १९६५ साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने यहुदीद्वेषाचा निषेध केला. २०१५ सालच्या निवेदनात, यहुद्यांच्या धर्मांतरासाठी कॅथलिक चर्च कोणतेही खास संस्थात्मक कार्य चालवीत नाही व त्याला पाठिंबाही देत नाही, असे नमूद आहे. काही प्रोटेस्टंट पंथ मात्र हे कार्य आपले कर्तव्यच मानतात.

आपल्या कोकणाचाही या इतिहासाशी धागा आहे. अलिबागची इस्रायल आळी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी तेलघाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मुंबईतले त्यांचे १७९६ सालचे प्रार्थनागृह ते स्वतः 'जुनी मशीद' म्हणून ओळखत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी त्यांच्या मुलांना शाळांत घेतले. डॉ. जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण रचले. हेतू धर्मांतराचा होता. मुले शिकली, जुना करार मराठीत वाचू लागली आणि बहुतेक सर्वजण अधिक जाणते यहुदी झाले. त्यांच्यातलेच जोसेफ इझिकेल राजपूरकर पुढे हिब्रू प्रार्थना मराठीत आणू लागले. शिक्षणाचे ऋण या समाजाने मोकळेपणाने मानले. धर्म मात्र दिला नाही. ज्ञान देणे मिशनऱ्यांच्या हाती होते. हृदय कोणीकडे वळावे, हे त्यांच्या हाती नव्हते.

वाचकहो, इस्लाम याविषयी काय सांगतो? सूरह बकराच्या २५६ व्या आयतीत धर्माच्या बाबतीत बळजबरी नाही असे फर्माविले आहे. ती आयत कोणत्या प्रसंगी अवतरली हे फार थोड्यांना ठाऊक असते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे कथन अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. मदीनेतील अन्सारांच्या काही मुलांचे पालनपोषण यहुदी घरांत होऊन ती यहुदी झाली होती. बनू नझीर टोळीला मदीना सोडावे लागले, तेव्हा अन्सार म्हणाले की, आमची मुले आम्ही जाऊ देणार नाही. त्या वेळी ही आयत आली. म्हणजे पोटच्या मुलावरही धर्म लादण्याचा हक्क बापाला उरला नाही, आणि तोही जेव्हा सत्ता हातात होती तेव्हा.

सहीह बुखारीत दुसरा प्रसंग आहे. एक यहुदी मुलगा प्रेषित मुहम्मद (स.) यांची सेवा करीत असे. तो आजारी पडला, तेव्हा प्रेषित (स.) त्याच्या घरी गेले, उशाशी बसले व त्याला इस्लामचे आमंत्रण दिले. मुलाने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी त्याला प्रेषितांचे ऐकण्यास सांगितले, आणि मुलाने इस्लाम स्वीकारला. बोलोन्याच्या त्या घराशी याची तुलना करा. दोन्हीकडे आजारी मूल आहे. एके ठिकाणी सारे काही लपून झाले आणि पुढे शिपाई आले. दुसरीकडे जे बोलले गेले ते बापाच्या समोर, आणि मुलाची नजर त्याच्याकडे वळू दिली गेली.

तफसीरच्या ग्रंथांत हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी आले आहे की, गरज घेऊन आलेल्या एका वृद्ध ख्रिस्ती स्त्रीला त्यांनी इस्लामचे आमंत्रण दिले. तिने नकार दिला. त्यांनी तिची गरज भागविली. पण नंतर भीती वाटली की, गरजवंताला शासकाने असे विचारणे हीच जबरदस्ती तर झाली नाही ना? त्यांनी अल्लाहजवळ क्षमा मागितली.

ही शिकवण आपण नेहमीच पाळली, असे मात्र म्हणता येणार नाही. बाराव्या शतकात मगरिब व अंदलुसमध्ये मुवह्हिदून घराण्याने यहुदी व ख्रिस्ती प्रजेवर धर्मांतराची सक्ती केली. महान यहुदी विद्वान मूसा बिन मैमून यांच्या कुटुंबाला त्यामुळेच कुर्तुबा सोडावे लागले. पुढे त्यांना मानाचा आश्रय मिळाला तोही मुस्लिमांच्याच इजिप्तमध्ये, सुलतान सलाहुद्दीन यांच्या राज्यात. दुसऱ्यांच्या चुका मोजताना ही आपली नोंद वहीतून फाडता येणार नाही.

आणि माझी स्वतःची एक नोंद आहे. मदरशातून बाहेर पडून मी मराठी घेऊन बी.ए. करीत होतो, तेव्हा माझ्या बाकावर एक ख्रिस्ती मित्र बसत असे. एके दिवशी मी मधल्या सुट्टीत दहा जणांसमोर त्याला वादात ओढले. माझी वाक्ये तयार होती, त्याची नव्हती. मी जिंकलो, मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या बाकावर बसू लागला. त्यानंतर इस्लामविषयी तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. त्याच्यापर्यंत मी सत्याचा निरोप पोहोचविला, असे मी हशरच्या मैदानात कोणत्या तोंडाने सांगू?

दावत देणे आपले कर्तव्य आहे. ते सोडा असे मी सांगत नाही. सूरह नहलची शिकवण हिकमतीने, सदुपदेशाने आणि उत्तम रीतीने बोलण्याची आहे. म्हणून बोलण्यापूर्वी स्वतःला विचारा : समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे काय? त्याच्या गरजेचा, आजाराचा, एकटेपणाचा मी फायदा तर घेत नाही ना? माझा हेतू मी उघड सांगितला आहे काय? नकार मिळाल्यावरही उद्या मी त्याचा तसाच शेजारी राहीन काय? या प्रश्नांची उत्तरे सरळ देता येत नसतील, तर त्या दिवशी मौन पाळणे चांगले.

तो तरुण परवा पुन्हा भेटला. त्या चित्रफितीऐवजी त्याने वर्गातल्या ख्रिस्ती मित्राला ईदच्या दिवशी घरी जेवायला बोलावले होते. मित्राने नमाजविषयी दोन प्रश्न विचारले आणि याने त्याला नाताळविषयी विचारले. यापुढे काय घडावे, ते अल्लाहच्या इच्छेवर आहे.

हे अल्लाह, आमच्या जिभेला सत्य दे आणि त्या सत्याला नरमी दे. आमच्या बोलण्याने कोणाचे मन तुझ्यापासून दूर गेले असेल, तर आम्हाला क्षमा कर. आमीन.