पदकाच्या दोन तारखा

"श्रमाचं पदक, आणि नोंद कशाची, तर पाठीमागच्या स्क्रूची!" आमच्या बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातले इतिहासाचे एक निवृत्त सर माझ्या हातातली परदेशी विक्रीची यादी चाळून हसले, ते मला चांगलंच झोंबलं. यादी मंगोलियातल्या कामगार-पदकांची होती. पाठीला स्क्रू की पिन, क्रमांक कोरलेला की नाही, अक्षरं उभ्या मंगोल लिपीतली की सिरिलिक, अशी एकेका पदकाची फोड केलेली. कुणा मेंढपाळाचं नाव नाही, कुणा गिरणीवाल्या बाईचं नाही. "तुम्ही लोक रेघा मोजता हो," सर म्हणाले, "माणूस कुठाय?"

सरकारं पदकं का वाटतात, हे आता कुणी समजावून सांगायला नको. पगार वाढवण्यापेक्षा छातीला बिल्ला लावणं स्वस्त पडतं. संग्राहक जरा तऱ्हेवाईक असतात, हेही मान्य. पण प्रत्येक पदकाला दोन तारखा असतात, हे सर विसरतात. एक प्रसंगाची, ती पदक स्वतःच सांगतं. दुसरी घडणीची, ती त्याच्याकडून काढून घ्यावी लागते. आणि त्यासाठी स्क्रू, लिपी, ठशातला बारीकसा फरक, एवढेच साक्षीदार हाताशी असतात. मंगोलियाने १९४० च्या दशकात उभी लिपी सोडून सिरिलिक धरली. पदकावर कुठली अक्षरं आहेत यावरून ते त्या वळणाच्या अलीकडचं की पलीकडचं, याचा पहिला अंदाज बांधता येतो.

पण मंगोलियापर्यंत जायचं कशाला? बऱ्हाणपूरहून वीसेक किलोमीटरवर असीरगड आहे, आणि एकट्या या किल्ल्यापायी दोनदा धातूवर ठसा उमटला. अकबराने जानेवारी १६०१ मध्ये किल्ला घेतला आणि सोन्याची मोहर पाडली. तिच्या एका अंगाला ससाणा, दुसऱ्या अंगाला असीरचं नाव, इलाही सन ४५ आणि इस्फंदारमुज महिना, म्हणजे त्या सनाचा शेवटचा महिना. प्रसंग आणि घडण यांच्यात जेमतेम काही आठवडे. इथे दोन्ही तारखा एकच म्हटल्या तरी चालतील.

दुसरा ठसा कंपनी सरकारचा. कर्नल स्टीव्हन्सनने ऑक्टोबर १८०३ मध्ये बऱ्हाणपूर विनासायास घेतलं आणि २१ तारखेला असीरगडही. त्या शिपायांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया' हे चांदीचं पदक मंजूर झालं ते १८५१ साली! फितीवर 'असीरगढ' अशी आडवी पट्टी, मागे विजयदेवता आणि १७९९ ते १८२६ ही सालं, पुढे राणी व्हिक्टोरियाचं मस्तक. आता राणीचा जन्म २४ मे १८१९ चा. म्हणजे ज्या लढाईची ही शाबासकी, त्या वेळी राणी जन्मालाही आलेली नव्हती. पदक तोंडाने १८०३ म्हणतं आणि चेहऱ्याने आपलं वय सांगून टाकतं. त्यातून १८१९ मध्ये कंपनीच्या डव्हटन आणि माल्कम यांनी याच गडाला पुन्हा वेढा घातला, किल्लेदार जसवंतराव लाड तीनेक आठवडे झुंजला आणि ९ एप्रिलला गड पडला. त्या अवघड वेढ्याची मात्र पट्टीच नाही. सोप्या विजयाला पट्टी, कष्टाच्या विजयाला काही नाही.

संग्राहक या पदकाच्या दोन तऱ्हा करतात. दोन सालांमधली रेघ आखूड असलेली एक आणि लांब असलेली दुसरी. विक्रीच्या यादीत ही नोंद हमखास असते. सरांचा राग नेमका याच रेघेवर. "अठ्ठेचाळीस वर्षं लोकांना ताटकळत ठेवलं, हा खरा इतिहास. रेघ आखूड की लांब, याने काय फरक पडतो?" मी म्हटलं, ताटकळत ठेवलं हे तुम्हाला कळलं कशावरून? घडणीचं साल कुणीतरी पक्कं केलं, म्हणूनच ना? सर म्हणाले, त्याला सरकारी कागद पुरतो. हेही खरं. पण सगळ्याच पदकांमागे कागद उरलेला नसतो.

कागद नसला की वस्तूच साक्ष देते, यावरून आमच्या जरीचं आठवलं. आमच्या गावात जरीच्या धंद्याला टांकसाळीचाच धाक होता. मोगलांनी नेमलेले वंशपरंपरागत 'चौकशी', म्हणजे पारखी, आलेलं सोनंनाणं तपासायचे, चांदीचे पासे, म्हणजे कांड्या, तिथेच वितळवायचे, त्यांच्यावर सोन्याचा वर्ख चढायचा आणि मगच तो माल तारकशाच्या हाती जायचा. एवढ्याशा पाशातून केसासारखी तार ओढायची, पुढे ती चपटी करायची आणि रेशमावर गुंडाळायची. चोखपणाची हमी टांकसाळीची, हात तारकशाचा, आणि नाव झालं ते बऱ्हाणपूरच्या जरीचं. कारागिराच्या नावाचा ठसा कुठेच नाही. तार किती बारीक निघाली, हीच त्याची सही.

इथे मला माझ्याच बाजूची खरी गोम सापडली. पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव ठोकलेलं असतं, ठशावर तो कोरणाऱ्या विल्यम वायनची सही असते. पण टांकसाळीत ठसा घासणाऱ्या, दाबणाऱ्या, बदलणाऱ्या कामगाराचं काय? त्याच्या हाताचा माग लागलाच तर रेघेच्या लांबीत लागेल. तऱ्हा म्हणजे कामाची हजेरी. पदकावर श्रमाची हीच एक नोंद अशी, जी कुणी बक्षीस म्हणून दिलेली नाही.

तरीही सरांचा माणूस मला या रेघेत सापडत नाही. पदक मिळालं ते हयात असलेल्यांना. १८०३ मध्ये विशीतला असलेला शिपाई १८५१ मध्ये सत्तरीला टेकला होता. मधल्या काळात गेला त्याचं नाव ना कडेवर, ना कुठल्या तऱ्हेत. मी तऱ्हेची बाजू घेऊन भांडायला बसलो होतो. आता म्हणतो, तऱ्हेवरून घडणीचं साल काढावं, त्यातून प्रसंगाचं साल वजा करावं, आणि मधल्या वर्षांत कोण कोण गळून गेलं ते शोधायला लागावं. संग्राहकाचं काम वजाबाकीपाशी संपतं. पण ती वजाबाकी केल्याशिवाय इतिहासाच्या सरांना तरी कसं कळावं की कुणाला शोधायचं?