पॅनेल कुणाच्या मालकीचं?

राजस्थानातल्या डुंगरपूर जिल्ह्यात आदिवासी बायकांच्या मालकीचा सोलर पॅनेलचा कारखाना आहे, ‘दुर्गा एनर्जी’. त्याची मुळं आपल्या पवईत, आयआयटी मुंबईत सापडतात. तिथल्या चेतन सिंह सोलंकी यांच्या गटाने शाळकरी मुलांसाठी सौर दिवे केले आणि ते गावातच जोडायचे, गावातच विकायचे असं ठरवलं. बचत गटांतल्या बायका सोल्डरिंग शिकल्या. पण दिवे विकून संपतात आणि शिकलेला हात रिकामा बसतो. त्यातून २०१७ च्या सुमारास हा कारखाना आला; भागधारक महिला गटांचे संघ.

काम नाजूक. पापडासारखी ठिसूळ सेल तांब्याच्या चपट्या पट्टीने दुसरीला जोडायची. काच, त्यावर ईव्हीए या चिकट प्लास्टिकचा थर, सेलच्या रांगा, पुन्हा ईव्हीए, पाठीला बॅकशीट. मग लॅमिनेटरमध्ये हवा काढून दीडशे अंशांच्या आसपास तापवायचं. हात जरा जड पडला की डोळ्यांना न दिसणारा तडा जातो आणि पॅनेल पुढे कमी वीज देतं.

यावर ठरलेला आक्षेप असा, की ही नुसती जुळवाजुळव. सेल तर बाहेरूनच येते. खरं आहे. पॅनेलच्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर जगात ८० टक्क्यांहून अधिक वाटा चीनचा आहे. पण सेल विकत घेऊन जोडणारे मोठे कारखानेही देशात कमी नाहीत, आणि त्यांना आपण कौतुकाने ‘स्वदेशी’ म्हणतो! मला फरक दिसतो तो नफ्याचा. मोठ्या कंपनीतून गावाला मिळाली तर मजुरी मिळते. इथे नफ्यावरही गावाचा हक्क आहे.

अडतं ते भावापाशी. काच, सेल घाऊक घेणाऱ्याच्या दरापुढे छोटा कारखाना टिकत नाही. त्यात सरकारी योजनेत माल द्यायचा तर केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीत नाव हवं. त्यासाठी चाचण्या, तपासणी, शुल्क. सगळ्यात कमी दराची निविदा हाच न्याय मानला, तर असे कारखाने उद्घाटनाच्या फोटोपुरतेच उरतील.

महाराष्ट्रात शेतोशेती सौरपंप बसताहेत. बचत गटांना शिलाई मशीन आणि पापड-लोणच्यांपलीकडे काही द्यायचं असेल, तर या पंपांच्या पॅनेल-खरेदीतला थोडा हिस्सा महिला संघांच्या कारखान्यांसाठी पाच वर्षं तरी राखून ठेवावा. प्रशिक्षण शिबिरं पुष्कळ झाली. आता ऑर्डर द्या.