सागरेश्वरची हरणं, चांदोलीचे गवे

सागरेश्वरच्या डोंगराखाली, पलूस आणि कडेगाव तालुक्यांत ज्यांची जमीन आहे त्यांच्यापाशी वन्यप्राण्यांचा विषय काढला की बोलणं लवकरच बंदुकीवर येतं. शाळूचं कणीस भरायला लागलं, हरभरा घाट्याला आला की रात्रीची राखण सुरू होते. माळ्यावर कंदील असायचा तिथे आता बॅटरी असते, गोफणीच्या जागी सुतळी बॉम्ब आला, बांधाला झटका मशीनची तार आली. तरी सकाळी शेंडे खुडलेले दिसतातच. इतकं सगळं करून भागलेला माणूस म्हणतो, ‘मारायची परवानगी द्या.’ या मागणीला क्रूर म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. तिचा नीट विचार व्हायला हवा. तो केला तर माझं उत्तर असं आहे: शिकार हवी, पण ती वाघाने करावी.

जिथे शिकार हेच व्यवस्थापन आहे, त्या ठिकाणापासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात 1902 च्या सुमारास जंगली बायसन जेमतेम दोन डझन उरले होते. संरक्षण मिळालं आणि आज तिथे सुमारे पाच हजार आहेत. हिवाळ्यात बर्फाखाली चारा मिळेना झाला की कळप उद्यानाची हद्द ओलांडून मोंटाना राज्यात उतरतात. तिथल्या गोपालकांना ब्रुसेलोसिसची धास्ती असते. या रोगाने गाई गाभडतात. खरं तर हा रोग मुळात पाळीव गुरांकडूनच बायसनना लागला आणि मोकळ्या रानात बायसनकडून गुरांना लागण झाल्याचं सिद्ध उदाहरण नाही. तरी 2000 साली सरकारी यंत्रणांनी मिळून संख्या आवरण्याची योजना केली, 2005 पासून हद्दीबाहेर शिकार पुन्हा सुरू झाली. 1855 च्या करारांनी ज्यांचे शिकारीचे हक्क मान्य झाले त्या नेझ पर्ससारख्या आदिवासी जमातीही तिथे येतात. त्यांच्यासाठी ते मांस म्हणजे पूर्वजांकडून आलेला हक्क आहे आणि त्याबद्दल मला आदरच वाटतो. पण 2022-23 च्या कडक हिवाळ्यात शिकाऱ्यांनी अकराशेच्या वर जनावरं मारली. त्यातली बरीचशी गार्डिनर गावाजवळच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात पडली, जिथे कळप हद्दीबाहेर पाऊल टाकतो आणि समोर बंदुका उभ्या असतात. आसपासच्या रहिवाशांना गोळ्यांची आणि मागे पडणाऱ्या आतड्यांच्या ढिगांची भीती वाटते.

तिथे हे निदान चालू शकतं, कारण जनावरांची मोजदाद होते, दर हिवाळ्यात किती कमी करायची यावर सगळे एका टेबलाशी बसतात आणि मारलेलं जनावर कोणाच्या तरी ताटात जातं. आपल्याकडे यातलं काय आहे?

आपला गवा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी, आजारी असेल तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने त्याला मारू देऊ शकतात. पिकाची नासाडी हे कारण तिथे चालत नाही. गोव्यात 2016 साली गव्याला उपद्रवी ठरवण्याची भाषा सरकारी पातळीवर झाली होती, आणि गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे. मुळात पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला उपद्रवी ठरवण्याची सोय कायद्यातच नाही.

पण कायद्याचं बोट धरून थांबलो तर शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. गवा खाली का उतरतो, हे बघायला हवं.

कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठी राखलेलं दाजीपूरचं रान 1958 मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. चांदोली आणि कोयना 1985 मध्ये अभयारण्यं झाली, 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. त्यासाठी वारणा खोऱ्यातली गावं उठली. झोळंबीसारख्या गावांची भाताची खाचरं, नाचणीची वरकस जमीन, गुरं चारायचे सडे मागे राहिले. माणूस होता तेव्हा ते रान दरवर्षी कापलं जायचं, चरलं जायचं, भाजलं जायचं आणि पावसाळ्यानंतर कोवळं गवत यायचं. माणूस गेल्यावर सुरुवातीला गव्यांची चंगळ झाली. पुढे मात्र न चरलेल्या कुरणावर झुडपं चढतात, कारवी माजते. हजार किलोच्या घरात जाणाऱ्या जनावराला कारवीच्या गचपणात पोट भरता येत नाही. खाली मात्र शिराळ्यापासून कृष्णाकाठापर्यंत बारमाही पाणी आणि पुरुषभर उंचीचा ऊस. चाराही तोच, आडोसाही तोच.

उसाच्या फडात गवा शिरून गेल्यावर काय होतं ते एकदा तरी जवळून बघावं. खाल्लेलं थोडं असतं. शेंड्याची कोवळी वाढं ओढलेली, कांडी मधेच मोडलेली. खरं नुकसान बसल्या जागेचं असतं: दहा-बारा फुटांचा घेर जमीनदोस्त, आणि त्याकडे जाणारी वाट खुरांनी अशी रेमटलेली की लवणात पाणी साचून राहावं. पडलेल्या उसाला डोळे फुटतात, वजन घटतं आणि तोडणीवाले असा फड आधी घ्यायला नाखूश असतात. हे सगळं पंचनाम्याच्या एका ओळीत ‘अंशतः नुकसान’ म्हणून बसवलं जातं.

डिसेंबर 2021 मध्ये एक गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डापर्यंत आला. गाळप हंगामात फड उघडे पडतात, लपायला जागा राहत नाही, असा भांबावलेला प्राणी मग वस्तीत घुसतो. सांगलीचा गवा जिवंत पकडला गेला. त्याच्या वर्षभर आधी पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा मात्र धावपळीने आणि गर्दीच्या भीतीने मेला. कोल्हापूरकडे गव्याच्या धडकेने माणसंही गेली आहेत. अशा एकट्या, वाट चुकलेल्या नराला गोळी घालून कळपाची संख्या आवरत नाही आणि वरचं कुरणही परत येत नाही. बंदूक चालवणारा त्याच आठवड्यात दुसऱ्या गव्याची वाट बघत असेल.

सागरेश्वरची गोष्ट वेगळी आहे. धों. म. मोहिते अण्णांनी उजाड डोंगरावर झाडं लावून हे अभयारण्य उभं केलं. 1985 मध्ये त्याला मान्यता मिळाली. अवघं 10.87 चौरस किलोमीटर, भोवती कुंपण, आत सोडलेली हरणं आणि त्यांना आवरणारा मोठा शिकारी नाही. एका माणसाच्या ध्यासातून असं जंगल उभं राहतं याचा आम्हा पलूसकरांना अभिमान आहे. पण बंदिस्त रानात चितळ-सांबरांची वाढ थांबत नाही आणि जाळी तुटली की कळप देवराष्ट्रे गावच्या शिवारात येतो. इथे संख्या कमी करावीच लागते. हे कबूल करायला प्राणिप्रेमींनी कचरू नये.

चांदोलीत नेमकी उलटी अडचण आहे. वाघासाठी राखलेल्या त्या रानात भक्ष्य कमी. म्हणून सागरेश्वरची चितळं चांदोलीत नेण्याचं काम वनविभागाने हाती घेतलं, ताडोबाकडून वाघीण आणण्यापर्यंत मजल गेली. मला हाच मार्ग सर्वांत शहाणा वाटतो. इथलं जास्तीचं जनावर तिथलं अन्न होतं. वाघ स्थिरावला तर गव्याच्या कळपातली वासरं आणि म्हातारी जनावरंही तो उचलेल. शिवाय वाघाच्या धाकाने कळप एका जागी तळ ठोकत नाही, कुरणाला उसंत मिळते. त्याच्या जोडीला जुन्या गावठाणांभोवतालची कुरणं दरवर्षी साफ करायला हवीत. ती रानं ज्यांना पाठ आहेत ती माणसं आज पुनर्वसन वसाहतींत मजुरी करतात. त्यांनाच या कामावर घ्या.

वाघ स्थिरावायला काही वर्षं जातील. तोवर या जनावरांचा भार डोंगराखालच्या शेतकऱ्याने एकट्याने का सोसायचा? व्याघ्र प्रकल्प साऱ्या देशाचा आहे. पलूस तालुक्यातच कुंडलला वनअधिकाऱ्यांना शिकवणारी प्रबोधिनी आहे. तिथल्या प्रशिक्षणात तुडवलेल्या फडाचा पंचनामा कसा करावा हे शिवारात नेऊन शिकवलं जावं. आणि जिल्हा प्रशासनाकडे मागणी एकच: अर्ज आल्यापासून आठवड्यात पंचनामा आणि ज्या हंगामात ऊस तुडवला त्याच गाळप हंगामात भरपाईची रक्कम खात्यावर.