उंबरठ्यावरचा शब्द

जून महिना उजाडतो, मुळशीच्या डोंगरांवर ढग उतरतात आणि बालवाड्यांच्या दारांत दरवर्षीचे एक दृश्य दिसू लागते. आई मुलाला खेळण्यांपाशी बसवते, "मी इथेच आहे हो" असे सांगते आणि ते जरा रमले की त्याची नजर चुकवून निघून जाते. यात कोणालाच काही गैर वाटत नाही. किंबहुना वडीलधारी माणसेच हा सल्ला देतात. मुलाचे रडणे टळते, आईची घालमेल टळते, वर्गही शांत राहतो. परंतु तीन वर्षांच्या बालकाशी खोटे बोलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी दोन प्रबंध लिहिले. इ. स. ४२० च्या सुमारास लिहिलेल्या दुसऱ्या प्रबंधात एक कठीण प्रसंग येतो. अत्यवस्थ पिता आपल्या एकुलत्या एका मुलाची खुशाली विचारतो. मुलगा तर मरण पावला आहे आणि ते कळल्यास पित्याचाही अंत होईल. अशा वेळी मन हेलावते, हे ऑगस्टीन लपवीत नाहीत. तरीही दयेपोटी बोललेले असत्य त्यांना मान्य होत नाही. सत्य झाकून ठेवणे आणि असत्य सांगणे यांत मात्र ते भेद करतात. त्या भेदाने पाहिले तर न बोलता गेलेली आई केवळ मौन पाळते. "इथेच आहे" असे सांगून गेलेली आई असत्य बोलते. तथापि बालकाच्या बाबतीत ते मौनही निर्दोष ठरत नाही, असे मला वाटते. त्याचा विश्वास शब्दांवर थोडा आणि आईच्या असण्यावर फार असतो. मागे वळून पाहावे आणि आई नसावी, हा अनुभव त्याला एवढेच शिकवतो की खेळात रमणे धोक्याचे आहे. मग ते दुसऱ्या दिवशी खेळणी सोडून दाराकडे पाहत बसते.

निरोप घेताना मूल रडेल, हे खरे. पण दुःखाचे रडणे आणि फसवणुकीचे रडणे एक नव्हे. पहिल्याला बाईंचा हात आणि थोडा वेळ पुरतो.

येथे सारा दोष आईच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. फाटकावरच मूल हातातून घेणारी, पालकांना आत डोकावूही न देणारी शाळा आईला खरे बोलण्याची संधीच देत नाही. आपले मूल कोठे बसणार, पाणी कोठे पिणार, केव्हा खाऊ खाणार, हे जिने पाहिलेच नाही, तिने मुलाला काय सांगावे? म्हणून कुटुंबाचे स्वागत हा केवळ शिष्टाचार नसून ते शाळेचे कर्तव्य आहे. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, ते कुटुंबे राहत होती त्याच इमारतीत. मुलांना स्वच्छ करून पाठवावे आणि आठवड्यातून एकदा तरी संचालिकेशी बोलावे, असा मातांसाठी नियम होता. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे काम करताना याही पुढचे पाऊल टाकले. उपेक्षित वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे पाहून त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या शब्दात हा इतिहास आहे. तेथे बाईच पाहुण्या झाल्या आणि आई यजमानीण.

आज आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडी-माणच्या कंपन्यांसाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेली कुटुंबे आहेत, तशीच कामासाठी हंगामी स्थलांतर करणारी कातकरी कुटुंबेही आहेत. एकीला मराठी येत नाही, दुसरीला शाळेच्या पायरीचा संकोच वाटतो. एकीला कंपनीची बस गाठायची असते, दुसरीचा रोज बुडतो. पहिले काही दिवस दोघींनाही वर्गात घटकाभर सतरंजीवर बसू दिले, तर दिवसाचा क्रम त्यांच्या ध्यानात येईल. चपला रांगेत ठेवणे, प्रार्थना, गाणी, हात धुणे, खाऊ, गोष्ट आणि मग घर. बालकाला घड्याळ कळत नाही. हा क्रमच त्याचे घड्याळ होय. आता आई खरे बोलू शकते: "मी कामाला जाते. तुझी गोष्ट संपली की येते."

हे वाक्य उच्चारले की ते पाळण्याची जबाबदारी दोघांवर येते. बाईंनी आज खाऊआधीच गोष्ट आटोपली, तर आई नसताना तिचा शब्द मोडतो. उलट गोष्ट संपूनही आई अर्धा तास आलीच नाही, तर बाईंनी दिलेला धीर फोल ठरतो. अडचण आलीच, तर कोण न्यायला येणार हे मुलाला वेळीच सांगावे. रोजचा हा साधा क्रम म्हणजे घर आणि शाळा यांनी मिळून बालकाला दिलेले वचन आहे.

आपण मुलांना खरे बोलावे असे पुढे अनेक वर्षे शिकवीत राहतो. त्याचा पहिला धडा मात्र बालवाडीच्या दारात, आईने खाली वाकून, मुलाच्या डोळ्यांत पाहून निरोप घेण्यात आहे. त्यासाठी लागणारी दोन मिनिटे तिला मिळावीत, एवढे दार शाळेने उघडे ठेवावे.